डावीकडचं शेवटचं स्टूल

नेपरव्हिल, ९ फेब्रुवारी २०२५

प्रीता,

'प्रिय' लिहिलं नाही. तुला ते खोटं वाटेल आणि मला लिहिताना अवघड जाईल. पाकिटावर हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला, म्हणून दुसरं पाकीट घेतलं. तू फॅमिली ग्रुप सोडलास, माझा नंबर ब्लॉक केलास, तेव्हा पोस्टाशिवाय मार्ग उरला नाही. जर्सी सिटीत प्रथमेशच्या बिल्डिंगच्या लॉबीत पोस्टाचे खण आहेत आणि तुमच्या खणाची किल्ली तुझ्याकडे असते, एवढं मला ठाऊक आहे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईला हेच एक हक्काचं काम मिळतं.

मुद्द्यावर येते. राजीव काहीतरी लपवतोय.

एप्रिलअखेर तो भारतात निघालाय. कराडच्या कॉलेजचं रियुनियन आहे म्हणे. मला 'चल' म्हणाला नाही. हा माणूस लग्न झाल्यापासून माझ्याशिवाय कॉस्टकोलासुद्धा गेलेला नाही. जाताना दुबईत दोन रात्री मुक्काम आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "अगं, जेट लॅग ब्रेक होतो." शिकागोहून पुण्याला आजवर पन्नास वेळा गेलो असू, याला जेट लॅग या वर्षी आठवला.

आमचा ईमेल एकच आहे, दोघांच्या नावाचा. अमेरिकेत घर घेतलं तेव्हा काढला, तोच अजून चालू आहे. चोरी करायची तर माणसानं निदान स्वतःचा ईमेल तरी काढावा! मंगळवारी सकाळी चहा घेताना उघडला, तर दुबईच्या एका हॉटेलचं उत्तर. आपलं आमच्या लॉबी बारमध्ये स्वागत आहे, वगैरे. त्याखाली दुसरं हॉटेल, एकावन्नाव्या मजल्यावरचा बार. मग समुद्राकाठचं तिसरं. अशी पाच हॉटेलं, एकाहून एक भारी, सगळी एकाच संध्याकाळी, एकातून उठून दुसऱ्यात. हॉटेलांना त्यानं आधीच विचारून घेतलंय की रमजान संपलेला असेल ना, बार नेहमीसारखे उघडे असतील ना.

उर्वीला फोन केला. माझी लेक, पण बापाची वकील. म्हणाली, "मॉम, दॅट्स अ बार क्रॉल!" आणि हसतच सुटली. "डॅड? ही ड्रिंक्स हळदी मिल्क!" मग तिनं मला समजावलं की मित्रमंडळी एका बारमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हिंडतात आणि शेवटी रांगायची वेळ येते, म्हणून त्याला क्रॉल म्हणतात. राजीव इथल्या मंडळाच्या पार्टीत अख्खी संध्याकाळ एक बिनदारूचं जिंजर एल हातात धरून उभा असतो. तो दुबईत जाऊन रांगणार आहे.

मी जन्मभर पॅथॉलॉजी केली. पेशंट काय सांगतो ते मला कधी ऐकावंच लागलं नाही, मी त्याचा तुकडा बघायची. इथं तुकडा दिसतोय, रोग कळत नाही. म्हणून तुला विचारते. सौमित्रभाऊजी इतकी वर्षं दुबईत होते, हॉटेलांच्याच लाकडी कामांवर फोरमन होते. तिथं राजीवच्या ओळखीचं कोणी आहे का? कोणी बाई? त्यांच्या बोलण्यात कधी आलं असेल तर सांग.

घाटावरचं तुझ्या मनात आहे, ठाऊक आहे. माझ्याही मनात आहे. माहुलीला भाऊजींच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. झाडावर दहा बसलेले, एक खाली उतरेना. प्रथमेशनं 'आईला सांभाळीन' म्हणून सांगितलं. मग एकेकानं पुढं होऊन आपापलं कबूल केलं, मीही केलं. शेवटी राजीव गेला, वाकून काहीतरी पुटपुटला, आणि तो मागं वळायच्या आत कावळ्यानं चोच मारली. काय कबूल केलंस, म्हणून मी किती वेळा विचारलं. सांगत नाही. त्या दिवशी मी सगळ्यांदेखत तुला म्हटलं, "तूच पढवलंस ना यांना?" मला वाटलं साताऱ्याच्या घराचं काहीतरी असणार. तू एक अक्षर न बोलता निघून गेलीस. उत्तर मिळालं नाही की माणूस मनानंच उत्तर तयार करतो, त्यात माझी काय चूक?

तर कळव.

सुमेधा


नेपरव्हिल, २३ फेब्रुवारी

प्रीता,

उत्तर नाही. का नाही, ते आता माझ्या ध्यानात यायला लागलंय.

त्या हॉटेलांपैकी एकाचं परवा पुन्हा पत्र आलं. 'आदरणीय श्री. राजीव, साडी आमच्या ड्रेस कोडमध्ये बसते. पाहुण्यांसाठी ताजा लिंबू सोडा करून देऊ. काउंटरचं डावीकडचं शेवटचं स्टूल राखून ठेवलं आहे.' साडी! मी शेवटची साडी उर्वीच्या साखरपुड्याला नेसले होते आणि तीही पिना लावून दुसऱ्या बाईनं नेसवली होती. लिंबू सोड्यानं माझ्या छातीत जळजळ होते.

आणि डावीकडचंच शेवटचं स्टूल का? पाचही ठिकाणी तेच मागितलंय. एका हॉटेलनं खिडकीजवळचं छान टेबल देऊ केलं, तर यानं उलट लिहिलं की नको, काउंटरच, डावीकडचं शेवटचं. आणखी ऐक. स्वतःसाठी त्यानं सगळीकडे वेगळं टेबल घेतलंय, लांब कोपऱ्यात. म्हणजे ती तिकडे आणि हा इकडे. कोणी ओळखीचं भेटलंच तर दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं.

गेल्या आठवड्यात इथं फूटभर बर्फ पडलं. राजीव म्हणाला, "तू गराजमध्ये येऊ नकोस, घसरशील, मीच ड्राइव्हवे साफ करतो." इतकी माझी काळजी! तो झोपला तेव्हा दुपारी गेले. बर्फ काढायच्या मशीनमागं एक खोकं. त्यात बायकांचे सँडल, काळे, घोट्याशी पट्टा, टाच बेताची. साइझ पाच.

माझा पाय नऊचा. राजीव मला लग्नापासून 'पोलीस पाटील' म्हणतो तो काही उगाच नाही.

प्रीता, तुझ्या लग्नात तुझ्या चपला घ्यायला सासूबाई, तू आणि मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार माप बघून म्हणाला होता, "वहिनी, हे लहान मुलींच्या कपाटात बघायला लागंल." आपण तिघी किती हसलो होतो. मला ते माप अजून आठवतं आणि राजीवलाही आठवत असावं.

परवा प्रथमेशचा फोन आला होता. सहज. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. बोलता बोलता तोच म्हणाला की तुझे सहा महिने एप्रिलअखेर संपतात आणि तुझं तिकीट दुबईवरून आहे. तारीख मी विचारली नाही, त्यानं आपणहून सांगितली. राजीवची आणि तुझी तारीख एक आहे.

मी त्याला काहीएक बोलले नाही. पोराच्या मनात कशाला किल्मिष घालायचं?

तुझ्याकडून मला दोन ओळी हव्यात. भाऊजींना जाऊन जेमतेम वर्ष झालं. त्यांनी ज्या गावात घाम गाळला त्या गावात तू कोणाबरोबर आणि कशासाठी बारमधून बारमध्ये हिंडणार आहेस?

सुमेधा


नेपरव्हिल, ११ मार्च

प्रीता,

काल विचारलं त्याला. सकाळी, पोहे परतताना. उगाच मनात कुढत बसण्यात अर्थ नव्हता. जसं झालं तसं लिहिते.

मी म्हटलं, "सँडल कोणाचे?"

तो पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "कुठले?"

"स्नो ब्लोअरच्या मागचे."

मग पेपर खाली आला. म्हणाला, "अगं, त्यांचा ड्रेस कोड आहे. चप्पल अलाउड नाही. तिच्याकडे दुसरं काही नाहीये घालायला."

"तिच्याकडे म्हणजे?"

पोहे करपायला लागले, मी गॅस बंद केला नाही.

"राजीव, तिच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

"प्रीताकडे," म्हणाला. इतक्या सरळ की मला हातातला झारा फेकावासा वाटला. "पण तू समजतेस तसं काही नाहीये. प्रॉमिस केलंय मी."

"कोणाला?"

"कावळ्याला."

आणि याउपर बोलायला तयार नाही. "परत आल्यावर सगळं सांगतो. आत्ता सांगितलं तर ती येणारच नाही, तिनंच सांगू नका म्हटलंय." म्हणजे तुमच्या दोघांचं बोलणं झालेलं आहे. माझा नंबर ब्लॉक आणि माझ्या नवऱ्याचा चालू. घाटावर मी म्हटलं होतं की तूच पढवलंस, तेव्हा सगळ्या भावकीनं मला नावं ठेवली. आता बोला!

तुला राग यायचाय तो येऊ दे, मीच सांगते. फोन प्रथमेशचा आला नव्हता, मी केला होता. आणि काल पुन्हा केला. मी फक्त जे आहे ते सांगितलं: काकांनी दुबईत पाच बार बुक केलेत, तुझ्या आईसाठी सँडल घेतलेत, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. माझं मत मी दिलं नाही. तो म्हणाला, "व्हॉट? आई? बारमध्ये?" आणि फोन ठेवून दिला. त्याला सगळं कळलेलं दिसलं.

माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? मी घरात बसून रडत नाही, मी शोध घेते. माझा स्वभावच तसा आहे आणि त्याचा आजवर सर्वांना उपयोग झालाय. पण काल रडू आलं, हेही लिहून टाकते. या वयात नवऱ्याच्या मागं गराजमध्ये खोकी उचकायची पाळी आली म्हणून आलं.

सुमेधा


नेपरव्हिल, ३० मार्च

प्रीता,

तुझं पत्र आलं. तीन पत्रांना मिळून सात ओळींचं उत्तर. पाठच झालंय.

'ताई, प्रथमेशनं तिकीट बदललं. आता न्यूअर्कहून थेट मुंबई. त्याला काही समजावण्यात अर्थ नाही, तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. राजीवभाऊजींना सांगा, त्यांना मी शब्दातून सोडवलं. सँडल परत करा, पावती त्यांनी ठेवली असेल. हुकांचं आता राहू दे. तुम्ही तीन पत्रं लिहिलीत ताई, पण मला विचारलं काहीच नाहीत. मला काय झालंय, मी कशी आहे, एवढंसुद्धा नाही.'

हुक कसले, मला कळेना. पत्र राजीवपुढं ठेवलं. त्यानं वाचलं, चष्मा काढला, आणि मग इतक्या महिन्यांचं सगळं सांगितलं. तुला ते माहीतच आहे. तरी लिहिते, कारण मला कळलंय हे तुला कळायला हवं.

भाऊजींनी दुबईत बारची काउंटरं बसवली. पाच हॉटेलांत, स्वतःच्या देखरेखीखाली. लाकूड निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत. आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मागच्या दारानं बाहेर. तुला ते फोटो पाठवायचे, लांबलचक चकचकीत काउंटर, माणूस एकही नाही. आम्हालाही यायचे ते फोटो. मी 'नाइस' लिहून अंगठा दाखवायची. काउंटरखाली बायकांच्या पर्ससाठी हुक असतात म्हणे, एका उंचीवर सगळे, ओळीनं. भाऊजी प्रत्येक काउंटरला डावीकडच्या टोकाचा हुक तीन बोटं खाली आणि पुढं बसवायचे. वरचा साहेब विचारायचा तेव्हा सांगायचे की कोपऱ्यात फळीची अडचण आहे. अडचण काही नव्हती. 'आमच्या हिचा हात तिथवर पोचला पाहिजे', एवढंच होतं.

"दादा, रिटायर झालो की हिला घेऊन जाणार, एकेका स्टुलावर बसवणार," असं ते राजीवला सांगायचे. तू तिथं कधी जाऊ शकली नाहीस. पगारात कुटुंबाचा व्हिसा बसत नव्हता, आणि पुढं बसला तेव्हा सासूबाईंनी अंथरूण धरलं होतं. त्यांचं सगळं तू केलंस. आम्ही इथून व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवत होतो. भाऊजी कायमचे परत आले आणि वर्षाच्या आत गेले.

घाटावर राजीव तेच म्हणाला होता. 'सौमित्र, तिला मी बसवून आणतो.'

लांबच्या टेबलाचंही विचारलं मी. पोलीस पाटील ना! तो म्हणाला, "अगं, तिथं तिला त्याच्याबरोबर बसायचंय. मी मध्ये कशाला?"

प्रीता, मला लाज वाटते. याहून बरा शब्द शोधत मी दोन दिवस पत्र लिहिलं नाही. विधवा बाई पाच बार हिंडून आली हे साताऱ्यात कळलं तर लोक काय म्हणतील, या भीतीनं तू राजीवला गप्प राहायला सांगितलंस. आणि लोकांच्या आधी मीच म्हटलं. तेही तुझ्या पोराला.

काल प्रथमेशला फोन केला. आधी उचलला नाही. उचलला तेव्हा मी हुकांचं सांगितलं. तो म्हणाला, "काकू, आधी तुम्हीच डाउट घातलात डोक्यात, आता तुम्हीच म्हणता ऑल ओके. मी कशावर विश्वास ठेवू यार?" बरोबर आहे त्याचं. मी म्हटलं, माझ्यावर ठेवू नकोस, बाबांनी पाठवलेले फोटो काढ आणि आईला विचार. त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी त्याचाच आला, आवाज बसलेला. म्हणाला, "ओके. पण आई एकटी काकांबरोबर जाणार नाही. तुम्ही पण जा. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, अरे, लोक म्हणजे मीच होते.

माझं तिकीट काढलंय. सँडल परत केलेले नाहीत. राजीवनं पाचही हॉटेलांना पुन्हा लिहिलंय, डावीकडून दुसरं स्टूल माझ्यासाठी. तुला मी शेजारी नको असेन तर तसं सांग, मी त्याच्या टेबलावर जाऊन बसेन आणि दोघं मिळून जिंजर एल पिऊ. पण तू ये.

आणि तू कशी आहेस? उशिरा विचारतेय, तरी कळव.

तुझी
सुमेधा


नेपरव्हिल, १८ मे

प्रिय प्रीता,

साताऱ्याच्या पत्त्यावर लिहितेय. फोनवर रोज बोलतो आपण, पण हे फोनवर बोलायला मला जमलेलं नाही.

मी रोज त्या संध्याकाळचं आठवत बसते. पहिल्या हॉटेलात भाऊजींचं काउंटरच नव्हतं. सगळं काढून काचेचं काहीतरी बसवलेलं, आणि राजीव तिथं असा उभा होता जणू त्यानंच ते तोडलंय. दुसऱ्या ठिकाणी कोणाचं तरी लग्न, बार बंद. एकावन्नाव्या मजल्यावर लिफ्टमध्ये तू माझा हात धरलास तो वर गेल्यावरही सोडला नाहीस. तिथं काउंटर होतं, पण हुक सगळे नवे, एका ओळीत. तू 'असू दे ताई' म्हणालीस. मला रडू यायला लागलं होतं आणि तू मला समजावत होतीस, म्हणजे बघ.

मग समुद्राकाठचं. लांबूनच ओळखलंस तू ते. निळी नारायणपेठ सावरत त्या उंच स्टुलावर चढलीस, पाय खालच्या दांडीला पोचेनात. काउंटरमागच्या पोरानं लिंबू सोडा ठेवला. तू त्याच्याकडे बघून हसलीस, आणि न बघता, न चाचपता, पर्स काउंटरखाली नेलीस आणि अडकवलीस. घरच्या खुंटीला अडकवावी तशी. तुझा हात तिथंच राहिला. मी समोरच्या बाटल्यांकडे बघत बसले. राजीव कोपऱ्यात आपल्याकडे पाठ करून बसला होता, भिंतीकडे तोंड करून, आणि वेटर त्याला पुन्हा पुन्हा विचारत होता, सर, सगळं ठीक आहे ना.

बऱ्याच वेळानं तू काउंटरवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "पॉलिश उडालंय. हे असते तर ओरडले असते."

पाचव्या हॉटेलात आपण गेलोच नाही. तू म्हणालीस, एक राहू दे, पुढच्या वेळेला. मला ते फार आवडलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्या स्टुलावर तू मला विचारलंस, "ताई, घाटावर तुम्ही काय कबूल केलं होतं हो?" मी 'आठवत नाही' म्हटलं आणि तोंडात काजू टाकले.

आठवतंय मला. राजीवच्या आधी मी पुढं गेले होते. हात जोडून म्हटलं होतं, 'भाऊजी, प्रीताला मी अंतर देणार नाही.' झाडावर दहा कावळे होते. एकही जागचा हलला नाही.

मी जन्मभर सगळ्यांचा संशय घेतला. माझा तेवढा त्या कावळ्यांनीच घेतला, आणि तो खराही ठरला, पुढच्या पाच मिनिटांत, तुला मी सगळ्यांदेखत बोलले तेव्हा. हे मी राजीवलाही सांगितलेलं नाही.

डिसेंबरात भाऊजींच्या श्राद्धाला येतेय. गच्चीवर कावळ्याची वाडी ठेवायला मला वर जाऊ दे. तेच पुन्हा एकदा म्हणून बघणार आहे. तू शेजारी उभी राहा, म्हणजे विश्वास बसला की नाही ते तुलाही दिसेल.

तुझी
सुमेधाताई